येशू आत्ता राजा आहे की नंतर होणार?

पत्र

मावशी, सलाम.

माझं माहेर अकोल्याचं, आजोबांपासून अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) मंडळीतलं. लग्न होऊन नगरला आले. सासरचे सगळे सी.एन.आय.चे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे; सासरे निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्चच्या कमिटीवर. इथे आल्यावर मला संडे स्कूलचा मधला वर्ग मिळाला, आठ ते अकरा वयाची मुलं.

वर्गात ख्रिस्ताच्या तीन पदांचा धडा होता: संदेष्टा, याजक, राजा. एका मुलानं विचारलं, "टीचर, येशू आत्ता राजा आहे का? मग युद्धं कशी होतात?" मी लहानपणापासून ऐकलेलं तेच सांगितलं. येशू पहिल्यांदा आला तेव्हा संदेष्टा होता, आत्ता स्वर्गात याजक आहे, आणि परत आल्यावर यरुशलेमेत हजार वर्षं राजा होईल. बाबांनी दिलेला युगांचा तक्ता मी भिंतीवर लावला होता, त्यातही असेच तीन चौकोन आहेत. सासरे मागे उभे होते. ते मुलांसमोरच म्हणाले, "हे चूक आहे. येशू आत्ताच राजा आहे. हजार वर्षं म्हणजे प्रतीक." पुढच्या रविवारी भिंतीवर तक्ता नव्हता.

नाताळात बाबा आले आणि जेवताना जुंपली. बाबा म्हणाले, "तुमच्या मंडळीत प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, उघडतच नाहीत." सासरे म्हणाले, "तुमच्याकडे दुसरं काही उघडत नाहीत." हसण्यावारी जाईल असं वाटलं, पण नाही गेलं. आता बाबा रोज व्हॉट्सॲपवर रॅप्चरचे, म्हणजे विश्वासणारे आकाशात उचलले जाण्याचे, व्हिडिओ पाठवतात आणि सासरे जाड पुस्तकात खुणा घालून ते माझ्या टेबलावर ठेवतात. नवरा म्हणतो, "दोघांनाही हो म्हण आणि सोडून दे." ईस्टरनंतर बाबा पुन्हा येणार आहेत.

खरं कोणाचं? मी मुलांना चुकीचं शिकवलं का? सासरच्या मंडळीत राहायचं तर माहेरचा विश्वास सोडावा लागेल का?

दोन घरांमधली, नगर

उत्तर

लेकी, सलाम.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. येशू आत्ता राजा आहे. वर्गात तू जे सांगितलंस त्यातलं "नंतर राजा होईल" एवढंच दुरुस्त कर. तो परत येणार, सगळ्यांना दिसेल असा येणार, हे अजिबात पुसू नकोस. आणि हजार वर्षांबद्दल बाबांचं मत तुला पटत असेल तर ते खुशाल ठेव. त्यासाठी कोणतीही मंडळी सोडावी लागत नाही. तुझ्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच ताटात वाढले गेलेत म्हणून एवढं पेटलंय. ख्रिस्ताचं राजपद कधीपासून, हा एक. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली हजार वर्षं कोणती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शास्त्रात बरंच ठाम आहे. दुसऱ्यावर दुसऱ्या शतकापासून भले भले विश्वासणारे वेगळं बोलत आलेत.

तीन पदांपासून सुरू करू. जुन्या करारात तेलानं अभिषेक होई तो या तिघांचा. अहरोन याजक म्हणून, दावीद राजा म्हणून, आणि अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करण्याची आज्ञा एलियाला झाली. पण इस्राएलात राजपद आणि याजकपद यांच्यामध्ये भिंत होती. उज्जीया राजाची गोष्ट तुझ्या वर्गाला जरूर सांग, मुलं श्वास रोखून ऐकतात. चांगला राजा होता. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीची आवड. मग डोक्यात हवा गेली आणि हातात धुपाटणं घेऊन मंदिरात शिरला. अजऱ्या याजक ऐंशी याजकांना घेऊन आडवा आला: "उज्जीया, धूप जाळणं हे तुझं काम नाही." राजा संतापला आणि तिथेच, वेदीपाशी, त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला.

ही भिंत एका स्तोत्रात पडते. ११०वं स्तोत्र काढ. पहिल्या ओळीत परमेश्वर म्हणतो, तुझे शत्रू तुझं पादासन करेपर्यंत माझ्या उजवीकडे बैस. हा राजा. चौथ्या ओळीत शपथ घेतो, मलकीसदेकाच्या (अब्राहामाच्या काळचा राजा आणि याजक) परंपरेप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस. माणूस तोच. जखऱ्यानंही सहाव्या अध्यायात सिंहासनावर बसलेला याजक पाहिला. नव्या करारातले लेखक ११०व्या स्तोत्राकडे जितके वळतात तितके दुसऱ्या कोणत्याच स्तोत्राकडे वळत नाहीत, आणि ते उगाच नाही.

आता बाबांच्या तक्त्यातला मधला चौकोन घे: "आत्ता याजक." बाबा हे इब्रीकरांस पत्रातून सांगतात, बरोबर ना? त्याच पत्राच्या आठव्या अध्यायाची पहिली ओळ वाच. आपला प्रमुख याजक कुठे आहे? स्वर्गात, राजासनाच्या उजवीकडे बसलेला. ज्या वाक्यानं तो आज याजक ठरतो त्याच वाक्यात तो सिंहासनापाशी आहे. एक चौकोन आजचा आणि दुसरा उद्याचा, असं त्या वाक्याचे तुकडे करून होत नाही. पहिला चौकोनही तितकाच कच्चा आहे. संदेष्ट्याचं काम स्वर्गारोहणाच्या दिवशी संपलं असतं तर प्रकटीकरणातली सात मंडळ्यांची पत्रं कोणी सांगून लिहवली? आणि याजकपण स्वर्गात गेल्यावरच सुरू झालं म्हणावं, तर वधस्तंभावर काय झालं?

हे माझ्या पदरचं नाही. चौथ्या शतकात युसेबियसनं मंडळीचा इतिहास लिहिला तेव्हा ख्रिस्तात ही तिन्ही पदं एकत्र असल्याचं त्यानं मांडलंय. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विननं त्याची नीट घडी बसवली. आणि १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीचा २३वा प्रश्न तर जणू तुझ्या वर्गासाठीच आहे. ख्रिस्त कोणती पदं चालवतो? संदेष्टा, याजक आणि राजा ही तिन्ही, दीन अवस्थेत असतानाही आणि गौरवात असतानाही. म्हणजे गोठ्यापासून सिंहासनापर्यंत तिन्ही सोबत.

एवढ्यानं सासऱ्यांचा विजय झाला असं मात्र समजू नकोस. बाबांच्या बाजूनंही भक्कम मुद्दे आहेत आणि नाताळच्या जेवणात ते कोणी मांडले असतील असं मला वाटत नाही. पहिला दाविदाचा. शमुवेलानं बेथलेहेमात त्याच्यावर तेल ओतलं, पण गादीवर शौलच होता. दावीद रानावनात, गुहांतून लपत फिरला आणि हेब्रोनात राजा झाला तो कितीतरी वर्षांनी. अभिषेक आधी, राज्य मागून, हे शास्त्रातच आहे. दुसरा मुद्दा प्रकटीकरण ३:२१चा. तिथे येशू "माझं राजासन" आणि "माझ्या पित्याचं राजासन" असं वेगळं बोलतो. मग आज तो पित्याच्या राजासनावर आहे आणि दाविदाच्या गादीवर नंतर बसणार, असं का म्हणू नये? एकोणिसाव्या शतकात, देवाच्या कामाचे युगांत भाग पाडणाऱ्या जॉन नेल्सन डार्बीच्या वळणानं शिकवणाऱ्यांनी हेच म्हटलं, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलमधून ते घरोघरी गेलं. तक्ते त्याच सुमाराचे. क्लॅरेन्स लार्किन हा त्यातला गाजलेला तक्तेवाला, मूळचा यंत्रांचे आराखडे काढणारा, पुढे बाप्टिस्ट पाळक झाला. युगांचं चित्र इतकं रेखीव का दिसतं, ते यावरून लक्षात यावं.

तरीही प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय मला या मताकडे जाऊ देत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र उभा राहतो आणि म्हणतो, दाविदाच्या वंशातला एक त्याच्या राजासनावर बसेल अशी देवानं शपथ वाहिली होती. दाविदानं हे आधीच जाणून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयी सांगितलं. मग लगेच उजवीकडे बसण्याची गोष्ट, आणि शेवटी: ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळलंत त्याला देवानं प्रभू आणि ख्रिस्त करून ठेवलंय. करून ठेवलंय, करणार आहे असं नाही. दाविदाची गादी आणि पित्याची उजवी बाजू पेत्र एका दमात बोलतो. गंमत अशी, की डार्बीच्या वळणाचा बालेकिल्ला असलेल्या डॅलसच्या सेमिनरीतल्याच डॅरेल बॉक आणि क्रेग ब्लेझिंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हे बरंचसं मान्य केलं. ख्रिस्ताचं दाविदी राज्य आत्ता सुरू झालंय आणि हजार वर्षांत ते पुरतं प्रकट होईल, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे हजार वर्षांचं राज्य मानूनही "येशू आत्ता राजा आहे" म्हणता येतं. तुझी अर्धी अडचण इथेच सुटते.

बाबांना आणखी एका माणसाची आठवण करून दे. अलायन्सचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन. प्रेस्बिटेरियन घरात वाढला आणि कितीतरी वर्षं प्रेस्बिटेरियन पाळक होता. त्या घराण्यात वर सांगितलेली लहान प्रश्नोत्तरावली पोरांकडून घोकून घेत. पुढे त्यानं ख्रिस्ताची चार रूपं सांगितली: तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. तुझ्या माहेरच्या चर्चमध्ये ही चार चिन्हं पाहिली असशील, शेवटचा मुकुट. येणारा राजा म्हटल्यानं आज गादी रिकामी आहे असं होत नाही. ज्याचं राज्य आहे तोच येणार, अशी ती आशा आहे.

आता हजार वर्षं. प्रकटीकरण २० हळूहळू वाचलं तर दोन्ही बाजू जरा गप्प बसतात. अगाधकूपाची किल्ली आणि मोठा साखळदंड घेऊन देवदूत उतरतो, अजगराला, म्हणजे सैतानाला, बांधतो, कूपात टाकून वर शिक्का मारतो, राष्ट्रांना फसवता येऊ नये म्हणून. मग राजासनं दिसतात. येशूच्या साक्षीमुळे आणि देवाच्या वचनामुळे ज्यांचा शिरच्छेद झाला त्यांचे जीव दिसतात. ते जिवंत होतात आणि ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात. बाकीचे मेलेले हजार वर्षं संपेपर्यंत जिवंत होत नाहीत. "हजार वर्षं" हे शब्द दुसऱ्या ओळीपासून सातव्यापर्यंत प्रत्येक ओळीत येतात, सहा वेळा. बायबलात इतरत्र कुठेही या राज्याला हा आकडा लावलेला नाही.

भांडणाची मेख दोन जागी आहे. पहिली, सैतान बांधला गेला का? सासरे म्हणतील, हो: बलवान माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही असं येशूच मत्तय १२मध्ये म्हणाला, आणि म्हणूनच सुवार्ता राष्ट्रांपर्यंत पोहोचतेय. बाबा म्हणतील, मग पेत्र कोणाबद्दल लिहितो, गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळू म्हणून फिरतोय तो कोण? शिक्का मारलेल्या कूपातला प्राणी असा फिरतो? दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. दुसरी मेख "जिवंत झाले" या शब्दांची. बाकीचे मेलेले शेवटी जिवंत होतात ते शरीरानं, हे सगळेच मानतात. मग त्याच्याच शेजारच्या ओळीत साक्षीदार जिवंत झाले ते फक्त आत्म्यानं, असं कसं? एकाच दमात एकाच शब्दाचे दोन अर्थ? इथे बाबांची बाजू जड आहे, आणि सासरे प्रामाणिक असतील तर तेही मानतील. पण त्याच जागी राजासनं पृथ्वीवर आहेत असं योहान कुठे म्हणतो? पहिल्या सहा ओळींत यरुशलेम नाही, मंदिर नाही, यज्ञ नाही. तक्त्यावरचं अर्धं सामान दुसऱ्या पुस्तकांतून आणून इथे मांडलेलं आहे. चुकीचं आहे असं नाही म्हणत मी. आणलेलं आहे, एवढं लक्षात ठेव.

त्या आणलेल्या सामानापैकी एकावर मात्र मी बाबांशी वाद घालीन. यहेज्केलाच्या ४० ते ४८ अध्यायांतलं मंदिर हजार वर्षांत बांधलं जाईल आणि तिथे पुन्हा पशूंचे यज्ञ होतील, असं या परंपरेत पुष्कळजण शिकवतात. स्कोफिल्डच्या टिपेत ते यज्ञ स्मरणार्थ असतील असं म्हटलंय, आपण प्रभुभोजन घेतो तसे. पण यहेज्केल स्वतः "पापार्पण" म्हणतो, प्रायश्चित्त म्हणतो. आणि इब्री १०:१८ सांगतं की पापांची क्षमा झाली तिथे पापाबद्दल अर्पण उरत नाही. राजपद थाटामाटात दाखवायच्या भरात याजकपदाचं पूर्ण झालेलं काम हलकं होत असेल, तर तिथे थांबायला हवं. बाबांनाही याजक ख्रिस्त प्रिय आहे. या एका मुद्द्यावर ते विचार करतील असं मला वाटतं.

आणि आता ती ओळ, जिच्यापुढे मला स्वतःला बाकी सगळं भांडण फिकं वाटतं. प्रकटीकरण २०:६: "ते देवाचे व ख्रिस्ताचे याजक होतील आणि त्याच्याबरोबर हजार वर्षे राज्य करतील." याजक आणि राज्य, एका वाक्यात. दोनच ओळी वर हेच लोक येशूच्या साक्षीसाठी मेलेले आहेत, आणि साक्ष हे तर संदेष्ट्याचं काम, १९:१० पाहा. जी जागा घेऊन तक्त्यावर तीन पदांचे तीन काळ केले, त्याच जागी तिन्ही पदं एकत्र आहेत, तीही ख्रिस्ताच्या माणसांमध्ये. मग स्वतः ख्रिस्तात ती वेगळी कशी असतील? बाबा आणि सासरे, दोघांपुढे ही ओळ ठेव.

जुन्या माणसांकडे थोडं बघू, कारण सासऱ्यांच्या जाड पुस्तकात खुणा बहुधा तिथेच असतील. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिन यरुशलेमेतल्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होता. त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादात तो हे सांगतो आणि तिथेच कबूल करतो की शुद्ध विश्वासाचे, देवभीरू असे पुष्कळ ख्रिस्ती लोक असं मानत नाहीत. जस्टिन आणि त्याच शतकातला बिशप आयरेनियस हे दोघं बाबांच्या बाजूचे म्हणता येतील, फक्त त्यांच्याकडे रॅप्चरचा तक्ता नव्हता. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन आधी हजार वर्षांचं राज्य मानत होता. 'देवाचं नगर' या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या विसाव्या पुस्तकात तो ते सांगतो. पण त्या काळी लोक त्या राज्याचं वर्णन खाण्यापिण्याच्या मेजवान्यांनी करू लागले आणि त्याचं मन उडालं. मग त्यानं ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा आजचा काळ असं लावलं. पश्चिमेकडच्या बहुतेक मंडळ्यांनी पुढे तेच धरलं.

कॅल्विन तर या मतावर एवढा चिडला की हे खंडन करण्याच्याही लायकीचं नाही, पोरकटपणा आहे, असं लिहून मोकळा झाला. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. १५३४ मध्ये म्युन्स्टर शहरात यान नावाच्या एका शिंप्यानं स्वतःला नव्या सियोनाचा राजा जाहीर केलं होतं, पुढच्या वर्षी शहर पडलं आणि रक्ताचे पाट वाहिले. लूथरच्या लोकांनी तर त्याआधीच, १५३०च्या आउग्सबुर्ग मतांगीकारात, पुनरुत्थानाआधी धार्मिक लोक जगाचं राज्य हाती घेतील या मताला नकार दिला होता. पण कॅल्विनचा राग थोडा भलतीकडे गेला. ख्रिस्ताचं राज्य हजार वर्षांतच संपतं, असं हे लोक म्हणतात असं त्यानं धरलं. तुझे बाबा तसं म्हणत नाहीत. "त्याच्या राज्याचा अंत होणार नाही" हे नायसीन मतांगीकारातलं वाक्य अकोल्यातही मान्य आहे आणि नगरलाही. सासऱ्यांना सांग, कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाचं दुसरं पुस्तक, पंधरावा अध्याय जरूर वाचा, तीन पदांवर तिथे फार सुंदर लिहिलंय. तिसऱ्या पुस्तकातला तो राग मात्र विहिणीच्या घरच्या पाहुण्यावर काढायची गरज नाही.

एक गोष्ट तुझ्या दोन्ही घरांत कोणाच्या ध्यानात नसेल. नगरचं मिशन अमेरिकन मराठी मिशन. त्यांची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल यांच्यासारखी, १८१३-१४च्या सुमारास मुंबईत आली आणि १८३१ साली नगरला काम सुरू झालं. त्या काळच्या या अमेरिकन मिशनऱ्यांचा मोठा भाग असं मानायचा की सुवार्ता पृथ्वीभर पसरत जाईल आणि तीच हजार वर्षांची पहाट आणील. ख्रिस्त त्यानंतर येईल. सिम्प्सनची माणसं वऱ्हाडात आली ती नेमकी उलट श्रद्धा घेऊन: सगळ्या राष्ट्रांना साक्ष मिळाली की राजा येईल, हजार वर्षं त्यानंतर. मत्तय २४:१४ त्यांच्या तोंडी सतत असे. एकाला वाटलं आपण राज्य आणतोय, दुसऱ्याला वाटलं आपण राजाला लवकर बोलावतोय, आणि दोघंही बोटीतून उतरून मराठी शिकायला बसले. तुझ्या सासऱ्यांचं "हजार वर्षं प्रतीक" हे त्यांच्या मंडळीच्या पहिल्या मिशनऱ्यांनाही बहुधा पटलं नसतं. हे त्यांना जरा हळू सांग.

आता वर्ग. पुढच्या रविवारी त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत जा. राजा आहे तर युद्धं कशी? या सगळ्या गोंधळात पोराचा खरा प्रश्न तसाच राहिला. ११०व्या स्तोत्राची दुसरी ओळ त्याला दाखव: तू आपल्या वैऱ्यांमध्ये प्रभुत्व कर. वैरी संपल्यावर नाही, वैऱ्यांमध्ये. पौल १ करिंथ १५मध्ये तेच म्हणतो, सगळे शत्रू पायाखाली येईपर्यंत त्याला राज्य करायचंय आणि शेवटचा शत्रू मरण. इब्री २:८ प्रामाणिकपणे सांगतं की सगळं त्याच्या ताब्यात आलेलं आपल्याला अजून दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. "मागच्या वेळी मी नंतर राजा होईल म्हणाले होते, तो आत्ताही राजा आहे, आणि येईल तेव्हा सगळ्यांना दिसेल," एवढं सरळ म्हण. शिक्षिकेनं दुरुस्ती केली म्हणून मान कमी होत नाही. हजार वर्षांचा विषय या वयाला नको. मोठ्या वर्गात, दहावीच्या पुढच्या मुलांना, दोन्ही मतं सांगावीत आणि सोबत १८४४ चा २२ ऑक्टोबरही सांगावा. विल्यम मिलरच्या अनुयायांनी त्या दिवशी प्रभूची वाट पाहिली. कित्येकांनी पिकं शेतात तशीच सोडली होती. तारीख काढणाऱ्या व्हिडिओंचं काय करायचं ते मुलांना आपोआप कळेल.

तक्ता लहानांच्या वर्गात लावू नकोस, पण तो परत माग. तो तुझ्या बाबांनी दिलेला आहे आणि परस्पर काढून घेण्याचा अधिकार सासऱ्यांना नव्हता. वर्गाची खोली त्यांच्या घरातली नाही. कोणता धडा, भिंतीवर काय, हे पाळकसाहेब आणि संडे स्कूलचे सुपरिंटेंडंट ठरवतील. त्यांना भेट, काय झालं ते तक्रारीच्या सुरात न सांगता सांग, आणि पुढे कोणी वर्गात मागून बोलायचं नाही हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. सासऱ्यांना घरी, एकट्यात, चहा देताना म्हण: "पप्पा, राजपदाबद्दल तुमचं बरोबर होतं, मी मुलांना तसं सांगितलं. पण माझ्या वर्गात मला मुलांसमोर चुकीचं म्हणू नका, बाहेर बोलावून सांगा." मुख्याध्यापक होते ना? शिक्षकाला वर्गात खाली पाहायला लावणं काय असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

बाबांना व्हिडिओ थांबवायला सांगायचं तर फोनवर सांग, व्हॉट्सॲपवर नको. लिहिलेलं वाक्य फार कोरडं वाटतं. "बाबा, येशू येणार यावर माझा विश्वास तुमच्याएवढाच आहे. व्हिडिओ नको, तुम्ही स्वतः वाचलेलं असेल ते सांगा." ते आले की जेवताना प्रकटीकरण काढायचं नाही, असं दोघांकडून आधीच कबूल करून घे. काढायचंच असेल तर जेवण झाल्यावर, बायबल समोर ठेवून, आणि आधी विसावा अध्याय मोठ्यानं वाचून. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं ऐकायचा. सासऱ्यांना वाचायला दे.

नवऱ्याचं "दोघांना हो म्हण" मला पटलं नाही. त्याचे वडील त्यानं सांभाळायचे, तू तुझे. पाळकसाहेबांकडे जाशील तेव्हा त्याला सोबत ने.

मावशी